टोपड्याची साक्ष

डॉ. केतकी तारळेकर हिला दोन गोष्टींबद्दल आयुष्यात कधी शंका आली नव्हती. एक म्हणजे आईच्या हातचा मसालेभात, आणि दुसरी म्हणजे स्वतः जन्माला घातलेलं टोपडं.

टोपडं हे त्याचं लोकांनी ठेवलेलं नाव. सरकारी कागदांवर त्याला ‘शिवणवेध यंत्र’ म्हणत, पण दिसायला ते खरोखरच बाळाच्या टोपड्यासारखं होतं. मऊ, पिवळसर, हनुवटीखाली बंद. आतून मात्र कानाला ऐकू न येणारा आवाज सोडणारे शेकडो बारीक कण त्यात विणलेले होते. ते बाळाच्या डोक्यावर घालायचं, बाळाने एक जांभई द्यायची, की कवटीचा अख्खा नकाशा पडद्यावर हजर. क्ष-किरण नाहीत, टोचणं नाही, रडारड नाही. पडदा हिरवा झाला की आई-बाप पेढे वाटत, आणि लाल झाला की दारात अधिकारी येत.

केतकी पुण्याच्या एका पेढीत भाचीसाठी चांदीचे वाळे निवडत होती तेव्हा तिच्या भावाचा, ईशानचा फोन आला.

“ताई, लाल आलंय.”

“काय लाल आलंय?”

“अगं, टोपडं! बाळाला तिसऱ्या महिन्याच्या लसीला नेलं होतं. डोक्याला तडा आहे म्हणतात. त्यांनी बाळ ठेवून घेतलं, ताई. ओवीला नुसतं दूध पाजायला आत सोडतात, तेसुद्धा बाईमाणूस पहाऱ्याला उभं करून.” ईशानचा आवाज फाटला. “रविवारी बारसं आहे गं तिचं.”

ते बारसं मुळात लांबलं होतं केतकीमुळेच. बाराव्या दिवशी ती परदेशात टोपड्याचं कौतुक ऐकून घेत होती, आणि आत्याशिवाय बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? म्हणून बाळ माहेराहून सासरी आलं की थाटात करू, असं ठरलं होतं. केतकीने वाळे तसेच काउंटरवर ठेवले आणि कोल्हापूरची गाडी पकडली.

*

वाटेत तिला बाळाची काळजी वाटत होती, यंत्राची नाही. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

तान्ह्या बाळाची कवटी म्हणजे अखंड मडकं नव्हे. कपाळाच्या दोन, बाजूंच्या दोन, मागची एक अशा हाडांच्या वेगवेगळ्या पाट्या असतात आणि त्यांच्यामध्ये लवचिक शिवणी. शिवणी जिथे एकत्र येतात तिथे टाळू. बाळ जन्माच्या अरुंद वाटेने बाहेर येतं तेव्हा या पाट्या एकमेकींवर सरकतात, डोकं निमुळतं होतं, आणि काही दिवसांत पुन्हा गोल होतं. पुढे मेंदू भराभर वाढतो तेव्हा याच शिवणी त्याला जागा करून देतात. कपाळाची शिवण वर्षभरात बुजते, बाकीच्या मात्र माणूस मोठा झाला तरी कितीतरी काळ तग धरतात.

इथवर सगळं सरळ आहे. घोडं अडतं ते पुढे. काही बाळांना नेहमीच्या शिवणींखेरीज एखादी जादा शिवण असते आणि त्यात काही वावगं नसतं. पण चित्रात शिवणही काळी रेघ आणि तडाही काळी रेघ. जाणते डॉक्टर खुणा बघतात. ताजा तडा सहसा सरळ जातो, त्याच्या कडा धारदार असतात, शिवणीजवळ जाताना तो रुंदावतो, कधी ती ओलांडूनही जातो, आणि वरच्या कातडीला बहुधा सूज असते. शिवण नागमोडी असते, तिच्या कडा घट्ट असतात, आणि पुष्कळदा डोक्याच्या दुसऱ्या बाजूलाही तिची जोडीदारीण सापडते. तरीही चुका होत. कधी मारकुट्या घरातलं लेकरू परत त्याच घरी जाई, कधी निरपराध आई-बाप कोर्टाची पायरी चढत.

केतकीने या भांडणावर जालीम उपाय काढला होता. जन्मानंतर एक नकाशा, तिसऱ्या महिन्यात दुसरा, आणि दोन्ही एकावर एक ठेवायचे. पहिल्यात असलेली रेघ म्हणजे शिवण. नंतर उगवलेली रेघ म्हणजे तडा. इतकं सोपं, की मंत्र्यांनासुद्धा पहिल्या बैठकीत कळलं आणि दुसऱ्या अधिवेशनात कायदा झाला. यंत्राला नागमोड, कडा, सूज हे सगळं शिकवलेलं होतं, पण नकाशांची तुलना इतकी बिनचूक ठरत गेली की बाकीच्या खुणांना ते विचारेनासं झालं. शेजारचा मुलगा बरोबर उत्तर सांगत असेल तर कोण कशाला पुस्तक उघडेल?

टोपड्याने पुष्कळ लेकरं वाचवली, हेही खरं. पण त्याने घरांच्या रीतीही बदलल्या. आजोबा नातवाला उंच झेलायचे बंद झाले. मालिश करणाऱ्या बायांना कुणी बोलवेना. पहिलं बाळंतपण माहेरी, ही चाल टिकली खरी, पण बाळाला सासरी धाडताना विहिणी एकमेकींच्या ओटीत नारळ घालण्याआधी बाळाच्या डोक्याबद्दल चौकशी करू लागल्या.

*

कोल्हापूरच्या ‘अंकुर’ रुग्णालयाच्या पहिल्या मजल्यावर तारळेकर एका बाकावर बसले होते आणि ओवीच्या माहेरचे परब समोरच्या. मधून लोकांची जा-ये चालू होती, तेवढाच आडोसा.

केतकीला पाहताच तिची आई, उज्ज्वलाताई, उठली. “आलीस? बरं झालं. आता तूच सांग सगळ्यांना. मी म्हटलं, माझ्या लेकीचं यंत्र आहे, ते खोटं बोलत नाही.”

“आई, हळू.”

“हळू कशाला? आठ दिवस झाले बाळ आपल्याकडं येऊन. पाळण्यातनं खाली उतरू दिलं नाही मी. त्याआधीचे तीन महिने कुठं होतं, ते सगळ्यांना ठाऊक हाय की.” समोरच्या बाकाला ऐकू जाईल इतक्या बेताने ती म्हणाली, “पायावर घेऊन चोळतात म्हणे रोज. अंघोळ का कुस्ती?”

समोर ओवीची आई, हेमलताबाई परब, मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसल्या होत्या. कणकवलीहून त्या पहाटेच निघून आल्या होत्या. पिशवीत बाळाची कुंची, ओव्याची पुरचुंडी आणि खोबरेल तेलाची बाटली होती. तेलाची बाटली अधिकाऱ्यांनी नमुना म्हणून मागितली होती आणि नंतर परत दिली होती.

ओवी दोन्ही बाकांपासून लांब, खिडकीशी उभी होती. सकाळी तिने आपल्या आईला सगळ्यांदेखत विचारलं होतं, “आई, खरं सांग. हातातून सुटली का गं?” तेव्हापासून मायलेकी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. केतकीने खांद्यावर हात ठेवला तशी ती म्हणाली, “ताई, मला बाळ हवंय. कुणामुळे झालं ते मला नकोय. पण ते शोधल्याशिवाय बाळ देत नाहीत.”

केतकीला वाटलं, आपण हे चुटकीसरशी सोडवू. अपघात कबूल केला तर कायदा सौम्य होतो, बाळ आईकडे परत मिळतं, आणि ज्याच्या हातून घडलं त्याला बाळापासून वर्षभर दूर राहावं लागतं, इतकंच. म्हातारपणी हात सुटू शकतो, त्यात लाज कसली? तिने हेमलताबाईंना बाजूला नेलं.

“काकू, मी तुम्हाला दोष देत नाही. पण काही घडलं असेल तर आत्ताच सांगून टाका. इथल्या अधिकारी घोडके मॅडम समजूतदार आहेत.”

हेमलताबाईंनी पिशवीचे बंद घट्ट धरले. “मी पडली म्हणून सांगितलं तर आज सोडतील तिला?”

“बहुतेक आजच.”

“मग पडली म्हणून लिहा.”

केतकीने सुटकेचा श्वास टाकला. “कशी पडली?”

“अंघोळीच्या वेळी. पायावरून घसरली.”

“कुठल्या अंगावर?”

हेमलताबाईंनी वर पाहिलं. मग अगदी साधेपणाने म्हणाल्या, “कुठल्या अंगावर म्हणू? तुमचं टोपडं कुठच्या बाजूला दाखवतंय, ते सांगा ना. म्हणजे चुकायला नको.”

ही बाई खोटं बोलत होती, आणि खोटं बोलायला केतकीची, म्हणजे यंत्राच्या आईचीच मदत मागत होती. वर्षभर नात दिसणार नाही हे ठाऊक असूनही मागत होती. केतकीला लाज वाटली. आणि लाजेपाठोपाठ, आयुष्यात पहिल्यांदाच, एक शंका आली.

“काहीच लिहू नका,” ती म्हणाली. “सहीसुद्धा करू नका. मी आलेच.”

*

टोपड्याचा निकाल सगळे वाचत, पण त्यामागचं कच्चं चित्र उघडून बघायची कुणाला गरजच पडत नसे. केतकीने ते उघडलं.

रेघ होती. उजव्या बाजूच्या पाटीच्या मागल्या भागात, आडवी. पण ती सरळ नव्हती, बारीक बारीक वळणं घेत चालली होती. कडा घट्ट होत्या. टोकाशी ती मागच्या शिवणीला अलगद मिळत होती, रुंदावत नव्हती. वर सूज नाही. केतकीने चित्र फिरवून डावी बाजू पाहिली, आणि तिथे तशीच दुसरी रेघ अर्ध्यावर येऊन थांबलेली दिसली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तिने ही शिवण ओळखायला लावली असती, आणि चुकला असता तर झापला असता.

मग पहिल्या नकाशात ती का नव्हती?

तिने जन्माचा नकाशा उघडला. कणकवलीचाच, बाळ जेमतेम अर्ध्या तासाचं असतानाचा. ओवीचं पहिलंच बाळंतपण, कळा लांबलेल्या. डोकं दुधीभोपळ्यासारखं निमुळतं. पाट्या एकमेकींवर चढलेल्या, आणि ज्या दोन तुकड्यांमध्ये ती जादा शिवण होती त्यांच्या कडाही कौलांसारख्या एकीवर एक बसलेल्या. फट दिसणार कुठून? आठवड्याभरात डोकं गोल झालं, कडा सरकून आपापल्या जागी गेल्या, आणि शिवण उघडी पडली. यंत्राच्या लेखी ती ‘नंतर उगवली’ होती.

केतकीने सगळे प्रयोग केले होते ते बाळ घरी निघताना, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, डोकं पूर्ववत होऊ लागल्यावर. पण कायदा आला आणि रुग्णालयांना घाई झाली. बाळंतिणीच्या खोलीतून बाळ बाहेर पडायच्या आधीच टोपडं घातलं की पुढचं काही आपल्या अंगावर येत नाही. सगळीकडे तीच पद्धत पडली. पहिला नकाशा कधी काढायचा हे नियमात कुणी लिहिलंच नव्हतं, आणि केतकीनेही विचारलं नव्हतं. दिव्याखालीच अंधार, दुसरं काय.

*

बालसंरक्षण अधिकारी शर्मिला घोडके यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या.

“डॉक्टर, तुम्ही बाळाच्या आत्या आहात.”

“हो.”

“उद्या प्रत्येक घरातली आत्या येऊन म्हणेल, ही शिवण आहे. मी कुणाचं ऐकू? तुम्हीच भाषणात म्हणाला होतात, माणूस नात्यात अडकतो, यंत्र नाही. मी ते माझ्या टेबलावर लावून ठेवलंय.”

केतकी हसली. आपलेच दात, आपलेच ओठ. “बरोबर आहे. माझ्यावर विश्वास ठेवूच नका. यंत्रावरच ठेवा. वर बाळंतिणींचा वॉर्ड आहे ना? तिथल्या सगळ्या बाळांचे जन्माचे नकाशे तुमच्याकडे आहेत. जी बाळं तीन-चार दिवसांची झाली आहेत, त्यांना माझ्यासमोर, तुमच्या हातांनी, पुन्हा टोपडं घाला.”

“कशासाठी?”

“ती बाळं या इमारतीबाहेर गेलेली नाहीत. ना आजी, ना मालिश. माझं चुकत असेल तर सगळी हिरवी येतील. मग मी गप्प बसेन.”

हे बोलताना तिचा आवाज ठाम होता, पण मनातून तिला खात्री नव्हती. जादा शिवण काही घरोघर नसते. वॉर्डात असं एकही बाळ नसलं तर? मग तिचं म्हणणं खरं असूनही हरलं असतं, आणि हेमलताबाईंनी कुठली तरी बाजू सांगून सही केली असती.

घोडकेबाईंनी चष्मा उचलला. “चला.”

ईशान हे ऐकून मागे आला. उज्ज्वलाताईही पदर खोचून निघाली, आपल्या लेकीचं यंत्र जिंकताना बघायला.

पहिलं बाळ हिरवं. दुसरं हिरवं. पुढची सगळी रांग हिरवी. बाळंतिणी कौतुकाने बघत होत्या, फुकटात तपासणी होतेय म्हणून खूश होत्या. केतकी उरलेल्या खाटा मोजू लागली. उज्ज्वलाताई प्रत्येक हिरव्याला मान डोलवत होती.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक जाडजूड मुलगा झोपला होता. वॉर्डातल्या सिस्टर आवळेंनी त्याला टोपडं घातलं, त्याने जांभई दिली, आणि पडदा लालभडक झाला. खाली अक्षरं उमटली: ‘तडा. जन्मानंतरचा.’

सिस्टर आवळेंच्या हातातला रुमाल गळून पडला. “मॅडम, मी नाही टाकलं हो. देवाशप्पथ. आईच्या कुशीतनं काढलंच नाही त्याला कुणी!”

“ठाऊक आहे मला,” केतकी म्हणाली आणि तिने सिस्टरचा हात धरला. “कुणीच टाकलेलं नाही. हे बघा.” तिने कच्चं चित्र मोठं केलं आणि घोडकेबाईंच्या पुढ्यात सरकवलं. “वळणं बघा. कडा बघा. सूज आहे का? आता जन्माचं चित्र बघा. ही कड हिच्यावर चढलेली आहे.”

घोडकेबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. कायद्याने आता त्यांना सिस्टर आवळेंना खोलीत बसवून जबाब घ्यावा लागणार होता, आणि आपल्या डोळ्यांदेखत झोपलेल्या बाळाला कुणी आपटलं हे शोधावं लागणार होतं.

“म्हणजे ज्यांची बाळं आम्ही आजवर ठेवून घेतली...” त्या म्हणाल्या.

“त्यांतली काही खरीच तडे असलेली असतील. काही नसतील. सगळी चित्रं पुन्हा माणसांनी बघायची. मी स्वतः बसते.” केतकीने तिथेच, बाळंतिणीच्या खाटेच्या कडेला टेकून, राज्याच्या मुख्य कार्यालयाला कळवलं: टोपड्याचा निकाल आजपासून निकाल धरू नये. यंत्राने प्रश्न विचारावा, उत्तर माणसाने द्यावं. पहिला नकाशा डोकं पूर्ववत झाल्यावरच काढावा. खाली तिने आपलं पूर्ण नाव टाकलं. तिच्या पुण्याच्या संस्थेच्या संचालकांचा फोन लगेच वाजू लागला. तो तिने उचलला नाही.

तिला वाटलं होतं त्यापेक्षा खूप हलकं वाटत होतं.

उज्ज्वलाताई दाराशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, “तुझंच यंत्र, आणि तूच त्याचे कान पिळलेस की गं.”

“मग? लाडावलेलं पोर आपणच आवरायचं असतं.”

*

बाळ ओवीच्या हातात आलं तेव्हा संध्याकाळचं ऊन मजल्यावर आडवं पसरलं होतं. ओवीने त्याला छातीशी धरलं, दोन पावलं चालली, आणि आईसमोर उभी राहून रडायला लागली. “आई, मी तुला तसं विचारायला नको होतं गं.”

हेमलताबाईंनी आधी नातीला कुंची घातली, नीट बंद बांधला, आणि मग लेकीचे डोळे पुसत घरच्या मालवणीत म्हणाल्या, “इचारलंस तां बरां केलंस. पोराच्या आवशीन इचारूकच व्हया. माका राग नाय गो.”

*

बारसं रविवारीच झालं. तारळेकरांच्या इचलकरंजीच्या घरात पाळणा फुलांनी सजवला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या, गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. उज्ज्वलाताईने माफी मागितली नाही, ते तिच्या रक्तातच नव्हतं. पण बाळाला पाळण्यात घालायच्या आधी तिने तेलाची वाटी हेमलताबाईंच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “विहीणबाई, टाळू तुम्ही भरा. तुमचा हात तिला सवयीचा हाय.”

हेमलताबाईंनी तेलाची बोटं टाळूवर हलकेच टेकवली. टाळू बोटांखाली धडधडत होती. बाळाने डोळे मिटून घेतले.

मग केतकी पुढे झाली. पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं. त्या चिमुकल्या कानामागे, केसांखाली, ती नागमोडी शिवण कुठे असेल हे तिला नेमकं ठाऊक होतं. तिथे तिने ओठ टेकले. “कुर्रर्र... जाई!”

आणि रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीवर धपाटे सुरू झाले. बायकांना एरवी कशाला निमित्त लागतं! गल्लीतल्या बायकांनी हसत हसत चापट्या मारल्या, उज्ज्वलाताईने एक दिला, ओवीने लाजत एक दिला. केतकी वाकलेलीच राहिली.

तेवढ्यात मागून एक असा धपाटा बसला, की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि पाळण्याची दोरी हातातून सुटली. बायका दचकून मागे सरल्या. केतकीने पाठ चोळत मागे वळून पाहिलं.

हेमलताबाई तेलकट हात पदराला पुसत उभ्या होत्या. “हा जाईचा नव्हता,” त्या म्हणाल्या. “हा टोपड्याचा.”

केतकीला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिने पुन्हा पाठ वाकवली.

“काकू, अजून एक मारा,” ती म्हणाली. “बाकीच्या आज्या इथे नाहीत. त्यांच्या वतीने.”

हेमलताबाईंचा हात वर गेला. मग तो हळूच खाली आला आणि तिच्या पाठीवर तसाच ठेवलेला राहिला.